एक भाग झकास, तीन भाग भकास

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवारची रात्र, मेसमध्ये नेहमीचीच वांग्याची भाजी, आणि त्यानंतर 'बी' विंगच्या एका खोलीत नऊ पोरं आणि एक लॅपटॉप. असिस्टंट रेक्टर म्हणून मी राउंडला निघालो होतो. खोलीतून हसण्याचा एवढा आवाज की मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे आणि आता त्या बिचाऱ्याला बंप्स बसणार! दार ढकललं, तर मंडळी एका जुन्या हॉरर मालिकेचे भाग बघत होती. पांढऱ्या साडीतली बाई, चेहऱ्याला खडूसारखी पावडर, मागे टेबल फॅनने उडवलेले केस. "सर, या ना, कॉमेडी चालू आहे," एक जण म्हणाला.

बसलो. तो भाग संपला, पुढचाही तसाच गेला, त्याच्या पुढचा त्याहून भयंकर (म्हणजे भयंकर वाईट). मग चौथा सुरू झाला. पाच-सात मिनिटांनी लक्षात आलं की कुणी हसत नाहीये. कुणीतरी चिवड्याच्या पुडीत घातलेला हात तसाच ठेवला होता. भाग संपला तेव्हा थर्ड इयरचा आमचा कबड्डीवाला, सहा फुटी गडी, हळूच म्हणाला, "चाल ना बे, सोबत." बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला. नऊच्या नऊ जण मिरवणुकीने गेले आणि मिरवणुकीने परत आले!

परत आल्यावर त्यानेच विचारलं, "सर, एकाच मालिकेत असं काऊन होते? एक भाग झकास आणि तीन भाग भकास?" मी तेव्हा "झोपा आता, सोमवारी सबमिशन आहे" म्हणून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न माझा स्वतःचाही जुना आहे. म्हणून हा लेख.

आमच्या लहानपणी गोंडपिपरीला आमच्या आळीत केबल असलेलं घर एकच. 'झी हॉरर शो' १९९३ मध्ये सुरू झाला आणि सोनीवर 'आहट' १९९५ मध्ये. त्या एका घराच्या पुढच्या खोलीत रात्री वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसायची. लाईट गेली की ज्याचा भूत बघून थरकाप झाला नव्हता तोही अंधारात ओरडायचा. (जिल्ह्यात एवढं मोठं थर्मल पॉवर स्टेशन, आणि लोडशेडिंगही आम्हालाच! असो.) तेव्हासुद्धा घरी परतताना मोठ्या माणसांची चर्चा हीच असायची की मागच्या वेळचा चांगला होता, आजचा फुसका निघाला. म्हणजे ही तक्रार पोरांच्या नव्या आवडीतून आलेली नाही, ती या प्रकाराबरोबरच जन्माला आली आहे.

आधी हा प्रकार काय ते समजून घेऊ. रोजच्या मालिकेत सासू तीच, सून तीच, दिवाणखाना तोच. शंभराव्या भागात सून नुसती दाराकडे बघते आणि प्रेक्षकाला कळतं की काय घडणार आहे. मागच्या नव्व्याण्णव भागांची पुंजी तिच्या पाठीशी असते. कथामालिकेत मात्र प्रत्येक भागात माणसं नवी, घर नवं, गोष्ट नवी. दूरदर्शनवर १९८५ साली आलेली 'विक्रम और बेताल' आठवते? ती भुताची खरी, पण तिच्यात राजा आणि वेताळ तरी कायम होते. हॉरर कथामालिकेत तेही नाहीत. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की बावीसेक मिनिटं उरतात. त्यात नवा माणूस ओळखीचा करायचा, त्याच्याविषयी थोडी माया वाटायला लावायची, आणि मग त्याला संकटात टाकायचं. ज्या माणसाविषयी आपल्याला काहीच वाटत नाही त्याच्या मानगुटीवर भूत बसलं काय आणि माशी बसली काय, सारखंच.

वर्कशॉपच्या भाषेत सांगतो. फाउंड्रीत आपण वाळूचा साचा करतो, धातू ओततो आणि साचा फोडून टाकतो. पण लाकडी पॅटर्न राहतो. पहिल्या कास्टिंगला ब्लोहोल आलं तर दुसऱ्या वेळी रायझरची जागा बदलतो, व्हेंट वाढवतो, आणि दहावं कास्टिंग बरं निघतं. कथामालिकेत साच्याबरोबर पॅटर्नही फेकून देतात! या आठवड्यात जे शिकलात ते पुढच्या आठवड्यात अर्धंच कामाला येतं, कारण पुढच्या आठवड्यात वेगळाच जॉब आहे. मग काही जॉबला ब्लोहोल येणारच.

याची उलटी बाजू आपल्याकडेच बघायला मिळते. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजहून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या निघतात, आणि होळीपर्यंत गावोगावी, शंकरपटाच्या निमित्ताने, मंडईच्या निमित्ताने, रात्रभर नाटकं चालतात. मी लहानपणापासून ही नाटकं बघत आलो आहे. सीझनच्या सुरुवातीच्या प्रयोगाला प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू येतो. खलनायक एन्ट्री चुकतो. तेच नाटक संक्रांतीनंतर दुसऱ्या गावी बघा. कुठे लोक श्वास रोखतात, कुठे बाया पदर डोळ्याला लावतात, कुठे थांबायचं, हे त्या नटाला पाठ झालेलं असतं. त्याला हे दिग्दर्शकाने शिकवलेलं नसतं, समोरच्या हजार-दोन हजार माणसांनी शिकवलेलं असतं. टीव्हीच्या भागाला हा दुसरा प्रयोग मिळतच नाही. पहिला प्रयोग हाच शेवटचा, आणि तोही समोर एकही माणूस नसताना केलेला. भीती आणि विनोद, दोन्ही टायमिंगवर जगतात. विनोदी नट निदान युनिटमधली माणसं हसली की नाही हे बघू शकतो. पण लाइटमन घाबरला का, हे कोण विचारतो?

आता दुसरं कारण, ते म्हणजे भूक. टीव्हीला दर आठवड्याला गोष्ट लागते, वर्षाला बावन्न. गोष्ट सुचण्याचा वेग मात्र तेवढा नसतो. या प्रकाराचा बाप म्हणावा अशी अमेरिकेतली 'द ट्वायलाइट झोन' घ्या. १९५९ ते १९६४, पाच पर्वं, १५६ भाग, आणि त्यातले ९२ एकट्या रॉड सर्लिंगने लिहिलेले! माणूस कितीही थोर असला तरी ९२ वेळा थोर राहू शकत नाही. शिवाय वाहिनीचे उद्योग निराळेच. दुसऱ्या पर्वात खर्च वाचवायला सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर घेतले, ते स्टुडिओतल्या नाटकासारखे दिसू लागले आणि तो प्रयोग सोडावा लागला. १९६३ मध्ये चौथ्या पर्वात अर्ध्या तासाचा भाग एक तासाचा केला. माझ्या मते तिथे सगळ्यात जास्त पाणी पडलं. ज्या कल्पनेत पंचवीस मिनिटांचा जीव आहे ती पन्नास मिनिटं ताणली की काय होतं, ते आपल्या मेसची डाळ खाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पाचव्या पर्वात ते मुकाट्याने अर्ध्या तासावर परत आले.

आपल्याकडे हा ताण उलट पद्धतीने आला. 'झी हॉरर शो' रामसे बंधूंचा. 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८) करणारी ही मंडळी, धुकं, हवेली, मुखवटा यांत पक्की तरबेज. पण ते एक गोष्ट अनेक आठवड्यांत वाटून दाखवायचे. पहिली गोष्ट 'दस्तक', अर्चना पूरन सिंग आणि पंकज धीर यांची. आता गोष्ट तुकड्यांत दाखवायची म्हटली की प्रत्येक तुकड्याच्या शेवटी, आणि प्रत्येक जाहिरातीच्या आधी, एक दचका हवा. खरे दचके संपले की खोटे येतात: दार करकरतं, संगीत चढतं, आणि आत मांजर! दोनदा मांजर निघालं की तिसऱ्यांदा भूत आलं तरी प्रेक्षक मनात म्हणतो, मांजरच असेल.

'आहट'ने सुरुवातीला शहाणपणा केला. बी. पी. सिंग यांनी (पुढे १९९८ मध्ये 'सी.आय.डी.' आणली तेच) पहिल्या काळात बऱ्याचशा खुनाच्या, गुन्ह्याच्या गोष्टी घेतल्या, अधूनमधून अमानवी काहीतरी. त्यामुळे आज भूत आहे की माणूस, हेच कळायचं नाही, आणि ती अनिश्चितता हीच अर्धी भीती. शिवाय नावच 'आहट', म्हणजे पावलाची चाहूल. त्या काळच्या छोट्या टीव्हीवर अंधार काळा दिसायचा नाही, राखाडी दिसायचा, आणि राखाडी अंधारात मुखवटा उघडा पडायचा. आवाज मात्र उघडा पडत नाही. पैसाही लागत नाही. मला आठवणारे भाग सगळे ऐकलेले आहेत, बघितलेले नाहीत! पुढे मालिका पूर्ण भुतांची झाली. दर आठवड्याला भूत येणार हे ठरलं की त्याची वाट बघणं उरतं, धास्ती जाते. २०१५ पर्यंत 'आहट' पुन्हा पुन्हा नव्या पर्वांत आली. तोवर मुखवटे सुधारले, कॉम्प्युटरचा धूर आला. चाहूल काही परत आली नाही, हे आपलं माझं मत.

इथे कुणी म्हणेल, सर, हा सगळा पैशाचा आणि घाईचा प्रश्न आहे, चांगला दिग्दर्शक आणा, बजेट द्या. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग १ जानेवारी २०२० ला नेटफ्लिक्सवर 'घोस्ट स्टोरीज' आला. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर, प्रत्येकाची एक गोष्ट. बावन्न आठवड्यांची भूक नाही, चारच गोष्टी, नावं मोठी. तरी चार गोष्टी चार दिशांना! दिबाकर बॅनर्जींची गोष्ट मला आजही छळते, आणि करण जोहरची संपली कधी तेही कळलं नाही. म्हणजे पैसा आणि वेळ मिळाला तरी खालच्या पायऱ्या फक्त थोड्या वर येतात. चढउतार राहतोच.

मग चढउतार घालवताच येत नाही का? येतो की! स्टार प्लसवर २००१ मध्ये 'श्श्श्श... कोई है' सुरू झाली. सुरुवातीला दर वेळी वेगळी गोष्ट. मग त्यात विकराल नावाचा भूत पकडणारा हिरो आला, मामिक सिंगने केलेला, आणि तो इतका चालला की पुढे त्याच्या नावाची मालिका निघाली. आता बघा, अडचण किती सोपी सुटली. ओळखीचा माणूस मिळाला, पुंजी साठायला लागली, भाग एकसारखे झाले. आमच्या आळीतली बारकी पोरं विकराल-विकराल खेळायची. पण भीती गेली! कारण विकराल मरणार नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. कथामालिकेत समोरचा माणूस या बावीस मिनिटांत मरू शकतो, वेडा होऊ शकतो, किंवा तोच भूत निघू शकतो. त्याला वाचवण्याची कुणाला गरज नाही, पुढच्या आठवड्यात तो लागणारच नाही. ज्या कारणाने भाग फसतात, अगदी त्याच कारणाने चांगला भाग एवढा चांगला होतो. कबड्डीवाल्याच्या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे. तीन भकास भागांनी तुमची ढाल खाली आणली, म्हणून चौथा आरपार गेला. चारही एकसारखे बरे असते तर तुम्ही एकटे बाथरूमला गेला असता.

मराठीत हे जरा वेगळ्या वाटेने झालं, कारण इथे गोष्टी आधी लिहून तयार होत्या. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) आणि नारायण धारप (१९२५–२००८) यांनी आपल्या वेगाने लिहिलं, टीव्हीच्या नाही. मतकरींच्या गूढकथांवर 'गहिरे पाणी' मालिका झाली, आणि धारपांच्या कथांवर स्टार प्रवाहवर 'अनोळखी दिशा'. लायब्ररीत मतकरींचा 'खेकडा' मिळाला तर जरूर वाचा. त्यांच्याकडे भूत बाहेरून येत नाही. माणसाने काहीतरी केलेलं असतं, आणि तेच परत येतं. धारपांनी 'समर्थ' हा कायमचा तारणहारही निर्माण केला, आणि खरं सांगू? समर्थ आला की मला हायसं वाटतं आणि तिथेच भीती संपते. विकरालचाच नियम!

धारपांवरून एक सुंदर प्रयोग आठवला. प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलतो ना, तसा. स्टीफन किंगची 'ग्रामा' नावाची कथा: एक पोरगा घरात एकटा, आणि आत अंथरुणाला खिळलेली आजी. धारपांनी ती मराठीत 'आजी' म्हणून आणली. अमेरिकेत 'ट्वायलाइट झोन'च्या नव्या आवृत्तीत १९८६ मध्ये तिचा छोटा भाग झाला. आणि धारपांच्या त्या आजीची एक सावली राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (२०१८) आली. मूळ धागा एक, पण टीव्हीच्या वाट्याला वीसेक मिनिटं आणि 'तुंबाड'च्या मागे सहा वर्षांची खटपट. तरी माझ्या मते फरक वेळेचा नाही. टीव्हीच्या भागात म्हातारी हीच भीती आहे, गोष्ट तिच्यापाशी संपते. 'तुंबाड'मध्ये म्हातारी लवकर मागे पडते आणि नातवाचा लोभ सुरू होतो. साखळीने बांधलेल्या त्या म्हातारीची पुढे कीवच येते.

म्हातारीचा विषय निघाला म्हणून सांगतो, नाहीतर हे लिहिणार नव्हतो. फसलेल्या भागांचे दोन प्रकार असतात. एक, ज्यात काहीतरी नवं करायला गेले आणि जमलं नाही. त्यांच्यावर खुशाल हसा. दुसरा प्रकार आळशी. गोष्ट सुचली नाही, शुक्रवार जवळ आला, मग काय? गावाबाहेर झोपडी, झोपडीत एकटी म्हातारी, मोकळे केस, ती करणी करते. लेखकाला काहीच रचावं लागत नाही, प्रेक्षकाच्या डोक्यात ते आधीच भरलेलं असतं. शहरात बसून बघणाऱ्याला तो फक्त एक वाईट भाग असतो.

आमच्या आळीच्या टोकाला एक आजी एकटी राहायची. उन्हाळ्यात टोपलीतून टेंभरं आणि चारं विकायची, पैसे नसले तरी मूठभर द्यायची. असाच एक भाग आम्ही पाहिला. कोणत्या मालिकेतला, ते महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना आमच्यातल्या एकाने तिला त्या भागातल्या चेटकिणीच्या नावाने हाक मारली, आणि तिच्या टिनावर दगड मारला. सगळे पळाले. मी पण पळालो, पण त्याआधी दुसरा दगड मी मारला होता. संध्याकाळी ती घरी आली. बाबांना म्हणाली, "पोरायले समजाव गा, हे नाव एकदा का लागलं का निंघत नाही." तेव्हा मला वाटलं, एवढं काय त्यात. बाबांनी मला मारलं नाही, ते तिच्यासोबत गेले आणि तिचं टिन बघून आले. तेव्हापासून मी घरासमोरून जाताना पलीकडून जायचो, आणि ती टेंभरं घेऊन आली की आत लपायचो.

ती जे म्हणाली ते मला पुरतं कळलं ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये. आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावी, भानामती करतात या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यात बायका होत्या, म्हातारी माणसं होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्येच झाला होता. टीव्हीमुळे हे घडलं असं मी म्हणत नाही, भानामतीचा संशय टीव्हीपेक्षा कितीतरी जुना आहे. मी एवढंच म्हणतो की आळशी भागाचा लेखक त्या जुन्या संशयातून फुकटचा माल उचलतो, आणि तो जसाच्या तसा परत करतो.

म्हणून त्या शनिवारी पोरं पहिल्या तीन भागांना हसत होती तेव्हा दोन भागांना मीही हसलो. तिसऱ्यात झोपडीतली म्हातारी होती. तिथे मी फोन बघत बसलो, आणि कबड्डीवाला म्हणाला, "सर, तुमाले भेव वाटते का?"

चौथ्या भागाची गोष्ट मुद्दाम सांगत नाही, बघायची राहिली असेल त्याची मजा जाईल. त्यात हवेली नाही, म्हातारी नाही, मांत्रिक नाही. एक माणूस आहे, त्याने पूर्वी काहीतरी केलेलं आहे आणि कुणाला सांगितलेलं नाही, आणि घरातला फोन वाजतो. 'बी' विंगच्या त्या खोलीत अजून डाउनलोड करून ठेवलेला आहे. बघायला जाणार असाल तर दहाच्या आत जा, साडेदहाला माझा राउंड असतो. आणि कॉरिडॉरच्या टोकाची ट्यूबलाइट बदलण्याचा अर्ज मी दिलेला आहे, अजून मंजूर झालेला नाही.